पन्साऱ्याकडची बावची आणि बाटलीतला बाकुचिओल : नैसर्गिक घटकांचा त्वचेला खरोखर उपयोग होतो का?

लोकमान्यनगरची_सून, इंदूर

नमस्कार. माझे वय 43 आहे. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर दोन्ही गालांवर वांगाचे जे डाग उठले, ते आजतागायत पूर्ण गेलेले नाहीत. आमच्याकडे सासूबाईंपासून सगळ्यांची भिस्त डाळीचे पीठ, हळद, साय आणि लिंबू यांवर असल्यामुळे मीही इतकी वर्षे तेच लावत आले आहे.

गेल्या वैशाखात मात्र एक विचित्र प्रकार घडला. सकाळी नेहमीप्रमाणे लेप कालवला, त्या दिवशी लिंबू जरा जास्त पिळले गेले, आणि घाईत चेहरा जेमतेम धुऊन मी भर दुपारी स्कूटरवरून सियागंजात किराणा आणायला गेले. दुसऱ्या दिवशी हनुवटीखाली आग होऊ लागली आणि तिसऱ्या दिवशी तिथे तपकिरी पट्टा उमटला. तो पट्टा नेमका लेपाचा ओघळ जिथून गळ्यावर उतरला होता तिथूनच, ओघळाच्याच आकाराचा होता. उजव्या मनगटावरही तसाच एक डाग होता. हे सगळे पुसट होईपर्यंत गणपती येऊन गेले.

आता भाचीने एक महागडी बाटली पाठवली आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि ‘बावचीयुक्त’ असे लिहिले आहे. बावची तर आमच्या पन्साऱ्याकडेही मिळते, म्हणून मी 100 ग्रॅम बिया आणल्या. काळ्या, चपट्या, बारीक बिया आहेत आणि पुडी उघडताच उग्र वास येतो. माझे दोन प्रश्न आहेत. या नैसर्गिक वस्तूंचा खरोखर काही उपयोग होतो, की ते केवळ मनाचे समाधान असते? आणि या बिया कुटून खोबरेल तेलात उकळून लावल्या, तर बाटलीचे पैसे वाचतील का?

राजवाडा_कट्टा

हळदीवर शंका घेण्याची वेळ यावी, याचेच नवल वाटते. अमेरिकेने हळदीचे पेटंट घेतले होते आणि आपण ते लढून रद्द करवले. गुण नसता तर त्यांनी पेटंट घेतले असते का? ताई, लिंबू कमी पिळा आणि बाकी लेप निश्चिंतपणे चालू ठेवा.

पीथमपूरचा_निवृत्त

ताई, बाकी सगळे नंतर वाचा. आधी एक काम करा. बावचीचे तेल उकळू नका, आणि उकळले असेल तर ते चेहऱ्याला लावू नका.

पीथमपूरच्या औषध कारखान्यांत मलमे तयार करण्याच्या विभागात माझी नोकरी गेली, त्या अनुभवावरून लिहितो. बावचीच्या बीमध्ये दोन निराळ्या प्रकारची द्रव्ये एकत्र नांदतात. एक सोरालेन. ते त्वचेवर असताना उन्हातील अतिनील किरण पडले की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे काळपट डाग उरतात. दुसरे बाकुचिओल. त्याचा संबंध उन्हाशी नसून, सुरकुत्या व डाग यांवर ते रेटिनॉलसारखे (अ जीवनसत्त्वाच्या एका रूपासारखे) काम करते, असे दिसून आले आहे. 2019 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीमध्ये छापून आलेल्या एका चाचणीत 44 जणांपैकी काहींनी 0.5 टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि इतरांनी 0.5 टक्के रेटिनॉल दिवसातून एकदा, असे 12 आठवडे लावले. दोन्ही गटांत सुरकुत्या आणि काळपटपणा जवळपास सारखाच कमी झाला. रेटिनॉलच्या गटात मात्र त्वचेचे पापुद्रे निघणे आणि चुरचुरणे अधिक होते. माणसे थोडी होती, त्यामुळे एवढ्यावरून डंका पिटण्यात अर्थ नाही, पण समाधानापलीकडे काहीतरी घडते असे म्हणायला तो आधार पुरेसा आहे. घरी उकळलेल्या तेलात ही दोन्ही द्रव्ये उतरतील, आणि कोणते किती उतरले हे कळायला तुमच्या स्वयंपाकघरात काही साधन नाही. कारखाना त्यांतले एक वेगळे काढून शुद्ध करतो. बाटलीचे पैसे बऱ्याच अंशी त्या कामाचे असतात. (काही अंशी बाटलीच्या दिखाऊपणाचेही असतात, हे नाकारत नाही.)

तुमच्या गळ्यावरचा पट्टा याच कुळातल्या द्रव्यांची करामत असावी. आपले कागदी लिंबू, विशेषतः त्याची साल, सोरालेनच्या भावकीतल्या द्रव्यांनी भरलेले असते आणि लिंबू पिळताना सालीचा अंश रसात उतरतोच. त्वचेवर रस, वर वैशाखाचे ऊन, मग एकदोन दिवसांनी आग आणि ओघळाच्या आकाराचा तपकिरी डाग, हे वर्णन तंतोतंत जुळते. मनगटावरचा डागही रस तिकडे ओघळल्यामुळे आला असणार. मुख्य म्हणजे वांग असलेल्या त्वचेला कोणतीही जळजळ झाली की ती आणखी काळवंडते, त्यामुळे लिंबू तुमच्यासाठी उपाय नसून निमित्त ठरत आले असेल.

लिंबात क जीवनसत्त्व असते आणि क जीवनसत्त्वाने डाग उजळतात, ही दोन्ही विधाने खरी आहेत, पण प्रमाण पाहिले की गणित कोलमडते. 100 ग्रॅम लिंबाच्या रसात ते साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम असते, म्हणजे फार तर 0.05 टक्के. ज्या द्रावांचा उपयोग दिसतो त्यांत ते 10 ते 20 टक्के असते. दोनशे पटींचा फरक दोन लिंबे जास्त पिळून भरून निघत नाही; वाढते ती आंबटाईची इजा.

राजवाडा_कट्टा, पेटंटची गोष्ट खरी आहे, पण तिच्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष निघत नाही. 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मंजूर झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. वाद होता तो हा उपयोग नवा आहे की जुना, एवढ्यापुरता. आपण जुने दाखले देऊन तो जुना असल्याचे सिद्ध केले. हळदीने वांग जातो की नाही, हा प्रश्न त्या खटल्यात कोणी विचारलाच नव्हता. हळदीत कुर्क्युमिनच्या वर्गातली द्रव्ये 2 ते 5 टक्के असतात, ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि उजेडात लवकर खराब होतात. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात ती सूज आणि जंतू यांवर चांगले काम करतात. सायीत कालवून दहा मिनिटे लावलेल्या लेपातून त्वचेत किती उतरत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. पिवळा रंग मात्र निश्चित उतरतो, आणि लग्नाच्या हळदीत तेवढेच अपेक्षित असते.

म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दावरून मी काहीच ठरवत नाही. अझेलाइक आम्ल सातूमध्ये आणि गव्हात असते, आपल्या त्वचेवरचे एक बुरशीजन्य यीस्टही ते तयार करते. वांगावर 20 टक्क्यांच्या मलमाच्या रूपात ते दिले जाते, आणि नळीतले आम्ल कारखान्यात बनवलेले असते. सातूचे पीठ चोळून ते मिळणार नाही. उलट, टी ट्री ऑइल (नावात ‘टी’ असली तरी झाड आपल्या चहाचे नव्हे) थेट पानांतून काढलेले असूनही त्याची रीतसर परीक्षा झालेली आहे. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात मुरुमांच्या 124 रुग्णांवर 5 टक्के तेल आणि मुरुमांवरचे नेहमीचे औषध असलेले 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना केली, तेव्हा तेलाचा गुण उशिरा आला पण आला, आणि त्रास कमी झाला. तेलांतही एक तेल दुसऱ्यासारखे नसते : 2013 च्या एका अभ्यासात जैतुनाच्या तेलाने त्वचेचा वरचा संरक्षक थर कमकुवत झालेला दिसला, तर सूर्यफुलाच्या तेलाने तो टिकून राहिला. दोन्ही तेले तितकीच नैसर्गिक!

वैद्य_रामबाग

पीथमपूरकरांच्या बावचीविषयीच्या इशाऱ्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि तो इशारा आयुर्वेदाच्या विरोधात जातो असे कोणी समजू नये. बाकुची, सोमराजी, अवल्गुज या नावांनी हे द्रव्य आमच्या ग्रंथांत श्वित्रासाठी, म्हणजे पांढऱ्या डागांसाठी सांगितले आहे. ज्या रोगात त्वचेचा रंग गेलेला असतो तिथे रंग परत आणण्यासाठी ते वापरायचे, आणि त्या चिकित्सेत रुग्णाला उन्हात बसवणे हा विधीचाच भाग आहे. तेच द्रव्य काळ्या डागांवर स्वतःच्या मनाने लावणे म्हणजे औषध उलटे वापरणे झाले. पन्साऱ्याने देताना एवढे विचारायला हवे होते की हे कशासाठी नेता, पण हल्ली कोण विचारतो?

लेपाबद्दल मात्र माझे मत थोडे निराळे आहे. डाळीचे पीठ किंवा दिवाळीचे उटणे यांची तुलना तुम्ही औषधाशी करता, इथेच चूक होते. उटणे हे मुळात अंग स्वच्छ करण्याचे साधन आहे. नरकचतुर्दशीला आधी तिळाचे तेल जिरवायचे आणि मग नागरमोथा, कचोरा, वाळा, संत्र्याची साल यांचे चूर्ण चोळून जादा तेल काढायचे, हा क्रम शहाणपणाचा आहे, कारण त्वचा कोरडी पडत नाही. साबणाने ज्यांचे अंग ओढल्यासारखे होते त्यांना याचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. वांग घालवण्याचा दावा उटण्याने कधी केलेला नव्हता. तो पाकिटांवर छापणाऱ्यांनी केला. चेहऱ्यासाठी घ्यायचेच असेल तर चूर्ण वस्त्रगाळ करून घ्या, चोळू नका, आणि संत्र्याची साल वगळा.

मल्हारगंज_जुने_घर

थोडे बाजूचे आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या चुलत बहिणीला एका पार्लरमधून लेबल नसलेल्या डबीत ‘जडीबुटीची क्रीम’ मिळाली होती. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की आम्ही सगळ्यांनी डब्या मागवल्या. दोन महिन्यांनी तिने ती बंद केली तेव्हा चेहरा लालबुंद झाला, पुरळ उठले आणि हनुवटीवर लव वाढली. त्वचारोगतज्ज्ञांनी डबी न उघडताच सांगितले की यात स्टिरॉइड असणार. केंद्र सरकारने 2018 मध्ये 14 स्टिरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, ती याच कारणासाठी, हे आम्हाला तेव्हा कळले. आमच्या डब्या अजून सीलबंद पडून आहेत. नैसर्गिक वस्तू आठ दिवसांत चमत्कार करते म्हटले की मला आता तीच डबी आठवते.

लोकमान्यनगरची_सून

सर्वांचे मनापासून आभार. बियांची पुडी बांधून ठेवली आहे. पन्सारी परत घेणार नाही, पण माझे नुकसान तेवढ्यावरच निभावले म्हणायचे.

काल रात्री भिंग घेऊन बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली. सुरुवातीला पाणी, मग ग्लिसरीन, मग चारपाच नावे, मग फेनॉक्सीइथेनॉल, आणि त्याच्याही नंतर शेवटून दुसरे ‘सोरालिया कोरिलिफोलिया सीड एक्स्ट्रॅक्ट’ (हे बावचीचेच शास्त्रीय नाव). बाकुचिओल हा शब्द कुठेच सापडला नाही. घटक उतरत्या क्रमाने लिहितात असे ऐकले आहे. मग हे शेवटी आहे, याचा अर्थ त्यात ते नावालाच आहे, असे समजावे का?

पीथमपूरचा_निवृत्त

भिंग घेऊन वाचलेत, हे फार चांगले केलेत. क्रमावरून मात्र इथे निर्णय होत नाही. आपल्याकडच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे 1 टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. चाचणीतले बाकुचिओलच अर्धा टक्का होते, त्यामुळे प्रामाणिक बाटलीतही ते तळाशी दिसू शकते. फेनॉक्सीइथेनॉल हे टिकाऊपणासाठी घातलेले द्रव्य आहे आणि ते दिसले याचा मला उलट दिलासा वाटला. पाणी असलेली बाटली परिरक्षकाशिवाय इंदूरच्या उन्हाळ्यात महिनाभर ठेवणे म्हणजे जंतूंची बाग लावणे होय. शंभर टक्के नैसर्गिक या शब्दांशी ते कसे जुळते, ते छापणाऱ्यालाच विचारा.

माझी खरी अडचण नावाशी आहे. ‘सीड एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे बियांचा अर्क. त्यात बाकुचिओल किती आणि सोरालेन काढून टाकले आहे की नाही, हे त्या शब्दांवरून कळत नाही. शुद्ध बाकुचिओल घातले असते तर त्यांनी त्याच नावाने लिहिले असते, आणि टक्केवारी बाटलीच्या दर्शनी बाजूला मिरवली असती. बाटलीवर कंपनीचा ग्राहक क्रमांक असेलच. बाकुचिओलचे प्रमाण किती आणि अर्क सोरालेनमुक्त आहे का, हे दोनच प्रश्न विचारा. उत्तर लेखी मिळाले नाही तर भाचीचे प्रेम ठेवून घ्या आणि बाटली परत करा.

तोवर वांगासाठी सनस्क्रीन रोज लावा, आणि ते त्वचेच्या रंगाचे घ्या. त्यातले लोह ऑक्साइड उन्हातील दृश्य प्रकाशही अडवते, जे पांढऱ्या सनस्क्रीनला फारसे जमत नाही, आणि वांग त्या प्रकाशानेही गडद होतो. अझेलाइक आम्लाबद्दल त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. कोणतीही नवी वस्तू आली की आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा, मगच चेहऱ्याला.

लोकमान्यनगरची_सून

क्रमांकावर फोन लागला. पलीकडच्या मुलीने ‘मॅडम, पूर्णपणे आयुर्वेदिक आहे’ एवढेच तीनदा सांगितले. लेखी मागितल्यावर ईमेल पाठवा म्हणाली. ईमेल पाठवली आहे, उत्तर आले की इथे टाकते.