जगाचा प्रादेशिक भूगोल पाठच होत नाही, कसा अभ्यासावा?

शकुंतला_पॅसेंजर

नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडच्या खेड्यातून एम.ए. भूगोल करते आहे, पहिलं वर्ष. 'जगाचा प्रादेशिक भूगोल' या पेपरने जीव खाल्ला आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत घरी कापसाची वेचणी, त्यामुळे कॉलेज बुडतं आणि सगळी भिस्त नोट्सवर. नोट्स अशा की प्रत्येक देशाला तेच मथळे: स्थान, सीमा, प्राकृतिक रचना, हवामान, मृदा, खनिजं, शेती, उद्योग, लोकसंख्या. अर्जेंटिना पाठ करेपर्यंत ब्राझील डोक्यातून गेलेला असतो. जुनं गाइड मिळालं, त्यात सुदान अजून एकच देश आहे आणि कझाकस्तानची राजधानी अल्माटी.

यात समजून घ्यायचं काही असतं की नुसतं घोकायचं? आणि नकाशाचं काय करू? मी काढलेली आफ्रिका पपईसारखी दिसते.

मिशन_अकोला

घोकायचंच. मागच्या पाच वर्षांचे पेपर काढ, फिरून फिरून तेच प्रश्न येतात. नद्या, वाळवंटं, राजधान्या यांचे शॉर्टकट बनव. जास्त खोलात गेलीस तर बाकीचे पेपर राहतील.

तासिकावाला_मास्तर

अकोलावाल्या भाऊने पास व्हायचा रस्ता सांगितला, तो खोटा नाही. पण ताईंनी दुसरंच विचारलं आहे.

मी तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि उरलेल्या वेळात वावर पाहतो. त्यामुळे माझं उत्तर वावरातूनच जाईल, आधीच सांगून ठेवतो.

ताई, तुमच्या नोट्समधले मथळे बरोबर आहेत, पेपर तपासणाऱ्याला तेच पाह्यजे असतात. घोळ असा की एका मथळ्याचा दुसऱ्याशी संबंध कोणी लावून देत नाही. हवामान तीन ओळी, मृदा दोन ओळी, शेती चार ओळी. ही शेती इथेच काऊन, हे विचारलं तरच तो प्रदेश ध्यानात राहतो.

भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि 21 अंश उत्तर अक्षांशावर नागपूरपाशी बोट ठेवा. पश्चिमेला सरकलं की मक्का, पूर्वेला हनोई, पॅसिफिकमध्ये होनोलुलू, त्याच्या पलीकडे मेक्सिकोतलं ग्वादालाहारा. अर्ध्या अंशाच्या फरकाने सगळे एका ओळीत. सूर्य सगळ्यांना जवळपास सारखाच. मग मे महिन्यात नागपूर 45 अंशांवर भाजत असताना होनोलुलू तिशीच्या आसपास काऊन? चहूकडून समुद्र आणि सतत वाहणारे व्यापारी वारे. ग्वादालाहारा दीड हजार मीटर उंचीवर, म्हणून तिथेही आपल्यासारखी होरपळ नाही. मक्केपासून तांबडा समुद्र शंभर किलोमीटरच्या आत, तरी वर्षाचा पाऊस 100 मिमीच्या घरात! नागपुरात 1,100 मिमीच्या आसपास पडतो. समुद्र जवळ म्हणजे पाऊस, हे इथं चालत नाही. सहारा-अरबस्तानच्या पट्ट्यावर हवा वरून खाली उतरते, उतरताना तापते आणि कोरडी होते, ढग धरतच नाही.

हनोईचं मला सगळ्यात आवडतं. उन्हाळ्यातला पाऊस आपल्यासारखाच मोसमी. पण आपला हिवाळ्याचा वारा जमिनीवरून येतो, कोरडा, म्हणून बोंडं वाळतात आणि वेचणी होते. तिकडचा ईशान्य वारा हिवाळ्याच्या उत्तरार्धात समुद्रावरून फिरून येतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बारीक झिमझिम लावून ठेवतो. त्या झिमझिमीत कापूस वेचून दाखवा बरं! लाल नदीच्या त्रिभुज प्रदेशात वर्षाला भाताची दोन पिकं निघतात, त्यामागे हे हवामान आणि नदीचं पाणी दोन्ही आहे.

आता कापूस घ्या. आपला बेसॉल्टच्या काळ्या मातीवर, बहुतेक कोरडवाहू. उझबेकिस्तानचा वाळवंटात, अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांच्या कालव्यांवर. 1960 च्या सुमारास अरल समुद्र जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. नद्यांचं पाणी शेतात वळवल्यावर तो इतका आटला की मुयनाक या मासेमारीच्या बंदरातली जहाजं वाळूत उभी राहिली. कझाकस्तानने 2005 मध्ये कोकअरल धरण बांधून उत्तरेचा तुकडा तेवढा सावरला. टेक्सासच्या उंच मैदानात लबकभोवती कापसाचा मोठा पट्टा आहे, तिथली पुष्कळशी शेती ओगलाला नावाच्या भूजलसाठ्यावर चालते, वेचणी यंत्राने. आणि आपल्याशी खरं जुळतं ते मालीशी, बुर्किना फासोशी. एकच पावसाळा, लहान शेतकरी, हाताने वेचणी. फरक असा की मालीला किनारा नाही, गाठी ट्रकने डाकार नाहीतर आबिजानच्या बंदरात न्याव्या लागतात. या दोघांनी बेनिन आणि चाडला सोबत घेऊन 2003 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती, की श्रीमंत देशांच्या अनुदानाने आमच्या कापसाचा भाव पडतो.

एवढ्यात तुमचं हवामान, मृदा, शेती, जलसिंचन, पर्यावरण, व्यापार सगळं आलं की नाही?

इतिहासही याच धाग्यात ओवता येतो. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. युद्ध संपलं, भाव कोसळला, पण रेल्वे येतच राहिली: 1867 मध्ये नागपूरपर्यंत, 1870 मध्ये खामगावला फाटा. मुंबई बंदर आणि त्याचा पृष्ठप्रदेश, म्हणजे ज्या भागाचा माल त्या बंदरातून जातो तो, म्हणून हेच उदाहरण लिहा. त्याच युद्धाने रशियन गिरण्यांचाही अमेरिकन कापूस तुटला होता, आणि 1865 मध्ये रशियाने ताश्कंद घेतलं, म्हणजे आजच्या त्याच कापसाच्या उझबेकिस्तानची राजधानी.

बडनेरा_आउटर

सर, छान लिहिलंत, पण जरा अडवते. प्रत्येक प्रदेश आपल्या पिकातून पाहायची सवय लागली की सैबेरिया, अलास्का, पॅटागोनिया कोरेच राहतात. तिथे कापूस नाही, सोयाबीन नाही. आणि परीक्षेत 'प्रदेश म्हणजे काय, सीमा कशी ठरवतात' हा प्रश्न हमखास असतो, त्याचं या पद्धतीत काय होणार?

शकुंतला, तुझ्या गाइडातला सुदान इथे कामी आण. दक्षिण सुदान 2011 मध्ये वेगळा झाला. भाषा-धर्म निकष धरला तर सुदान उत्तर आफ्रिका आणि नैऋत्य आशियाच्या गटात बसतो. हवामान धरलं तर उत्तरेकडे सहारा आणि त्याखाली सहेलचा निमकोरडा पट्टा. नाईल धरली तर इजिप्तसोबत. देश तोच, निकष बदलला की खाना बदलतो. हर्बर्टसन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने 1905 मध्ये जगाचे नैसर्गिक प्रदेश मांडले तेव्हा राजकीय सीमा बाजूलाच ठेवल्या होत्या, हे एक वाक्य उत्तरात घाल.

राजधान्या मात्र तपासून घे. कझाकस्तानची 1997 मध्ये अल्माटीहून हलली. आता अस्ताना, मध्ये 2019 ते 2022 नूर-सुलतान म्हणायचे.

तासिकावाला_मास्तर

हाव, सैबेरियाचं मान्य. तिथे माझा कापूस थिजतो. तिथे नद्या धरा. ओब, येनिसेई, लेना तिन्ही उत्तरेला वाहतात. वसंतात वरच्या अंगाला, म्हणजे दक्षिणेला, बर्फ आधी वितळतं आणि मुखाशी नदी अजून गोठलेली असते. पाणी तुंबून पूर येतात, दलदली होतात. हे एक कळलं की पश्चिम सैबेरियाची अर्धी दलदल समजली.

शकुंतला_पॅसेंजर

21 अंशांची ओळ रात्री भावाला घेऊन फिरले. तो विचारतो, मेक्सिकोत तूर होते का! ते राहू द्या. पपईचं काय?

तासिकावाला_मास्तर

आधी चौकोन काढा. मुख्य भूमी उत्तरेला 37 अंश, दक्षिणेला 35 अंशांपर्यंत, म्हणजे विषुववृत्त जवळपास मधोमध. पश्चिम टोक डाकारपाशी 17 अंश, पूर्व टोक सोमालियात 51 अंश. उंची-रुंदी जवळपास सारखी, म्हणून चौकोन. वरच्या अर्ध्यात पूर्ण रुंदी वापरा. विषुववृत्ताच्या थोडं वर डावीकडून आत वळा, तो गिनीचा आखात. गॅबनचा किनारा डावीकडून साधारण दोन-पंचमांशावर येतो, तिथून खाली निमुळतं करत न्या. उजवीकडे खाली मादागास्कर. विषुववृत्त, कर्कवृत्त, मकरवृत्त पेन्सिलीने आधी आखा आणि मगच किनारा.

मिशन_अकोला

चौकोनाचं मी पण लिहून घेतलं. दक्षिण अमेरिकेचं टाका ना सर.