बाजूचं दिसत नाही, नुसती बोटं दाखवून कळतं का?

प्रश्न (परभणी): बाबा ६२ वर्षांचे, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात पण डावीकडं दाराच्या चौकटीला धडकायलेत, परवा बैल शेजारी येऊन उभा राहिला तरी कळलं नाही. डॉक्टरांनी एक डोळा झाकायला लावून बोटं किती विचारली, बस्स. एवढ्यावर कळतं का हो?

उत्तर (नांदेड, डोळे तपासायचं काम करतो): कळतं, नीट केलं तर. साधारण १ मीटरवर, डोळे एका उंचीवर, बाबांनी डावा झाकला की आपण आपला उजवा मिटायचा म्हणजे दोघांना दिसणारं क्षेत्र जुळतं, मग चारी कोपऱ्यांत बोटं. नजर समोर न राहता बोटाकडं पळाली की परत करायचं, आन् ती पळतेच. पण यात मोठा दोषच सापडतो, काचबिंदूची सुरुवात निसटते, पेरिमेट्री (मशीनवर दिवे दाखवून बाजूचं किती दिसतं ते मोजणं) करून घ्याच. दोन्ही डोळ्यांत डावीकडचंच कमी असलं तर गडबड मेंदूकडं असू शकते, अचानक झालं असलं तर आजच दवाखाना गाठा.

उत्तर (लातूर): मशीनवर आमची आई दिवा शोधत डोळे फिरवायली, रिपोर्ट बाद झाला. मधल्या ठिपक्याकडंच बघायचं, हे बाबांना घरीच समजावून न्या.

प्रश्नकर्ता: दोन्ही डोळ्यांचं विचारलंच नव्हतं. निघालोच आत्ता.