मनातला विश्वास उघड झाला तेव्हा काय गमवावं लागलं? तुमचे अनुभव लिहा

बरेच जण येशूवर विश्वास ठेवतात पण तो मनातच ठेवतात, घरी माहीत नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला निकदेम, यहुद्यांचा एक पुढारी, रात्री येशूकडे येतो, आणि वधस्तंभानंतर तोच निकदेम येशूच्या दफनासाठी उजेडात गंधरस आणि अगरूचं सुमारे शंभर रत्तल मिश्रण घेऊन हजर होतो, म्हणजे आजचे तीसेक किलो! मधल्या काळात त्याच्या मनात काय चाललं होतं ते कुठे फारसं लिहिलेलं नाही. मला तेच वाचायचंय. चर्चमध्ये देतो तशी घासूनपुसून साक्ष नको, जसं घडलं तसं लिहा.

---

मी अकाउंट्सला आहे. ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं आणि मला ते सोयीचं पण होतं. एकदा साहेबांनी खोटं बिल लावायला सांगितलं, मी नको म्हटलं, ते म्हणाले सगळेच करतात तुझंच काय, आणि तोंडातून निघून गेलं की मी ख्रिस्ताला मानतो, मला नाही जमणार. बस्स. प्रमोशन गेलं ते गेलंच, वर लोक टोमणे मारतात, चहाला बोलवत नाहीत, आणि गंमत म्हणजे आता माझी एक चूक झाली तरी "काय हो देवमाणूस" ऐकावं लागतं, त्यामुळे काम दुप्पट नीट करावं लागतं :)

---

माझं लग्नानंतरचं आहे. बायबल मोबाईलमध्ये लॉक लावून वाचायचे, प्रार्थना बाथरूममध्ये. नवऱ्याने एक दिवस विचारलं की हे लपवतेस म्हणजे अजून काय काय लपवतेस? तो प्रश्न जिव्हारी लागला. त्याला विश्वासाचा राग नव्हताच, लपवण्याचा होता. सगळं सांगितलं. मग सासरी कळलं आणि नणंदेने बोलणं टाकलं ते आजतागायत. नवरा चर्चला येत नाही, पण मी निघाले की मुलांना सांभाळतो. मला हे खूप आहे.

---

आमचं घर पिढीजात ख्रिस्ती, त्यामुळे उघड व्हायचं काय असं वाटायचं. मंडळीतल्या एका मुलाच्या ऑपरेशनला घरासाठी साठवलेले पैसे दिले (बायकोशी बोलून, हे आधीच सांगतो) तर आमचेच नातेवाईक, रविवार न चुकवणारे, वेड्यात काढायला लागले. लाजराच्या बहिणीने, मरियेने, येशूच्या पायांवर ओतलेलं जटामांसीचं तेल तीनशे दीनारांचं होतं, मजुराला दिवसाला एक दीनार मिळायचा म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई, आणि तेव्हाही हिशोब काढणारा शिष्यांतलाच निघाला. अजून भाड्याच्या घरातच आहोत.

---

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही आणि सध्या सांगणार पण नाही. घरात कळलं तर शिक्षण बंद होईल आणि मी पूर्ण त्यांच्यावरच अवलंबून आहे. असे धागे वाचले की आपण भित्रे आहोत असं वाटत राहतं.

---

@वरची ताई, अजिबात तसं वाटून घेऊ नकोस. अरिमथाईकर योसेफाला योहानाने सरळ "गुप्त शिष्य" म्हटलंय, भीतीमुळे, आणि तरी येशूचं शरीर मागायला रोमी सुभेदार पिलाताकडे तोच गेला. येशूचे नेहमीचे शिष्य कुठे होते तेव्हा? आणि दार लावून गुप्तपणे प्रार्थना करा हे येशूनेच सांगितलंय, मत्तय ६ मध्ये. स्टेटसला रोज वचन टाकणं म्हणजे उघड भक्ती हे मला तरी पटत नाही, त्यात जातं काय आपलं? आधी शिक्षण पूर्ण कर, स्वतःच्या पायावर उभी राहा. तोवर एखाद्या भरवशाच्या बाईला तरी सांगून ठेव, अगदी एकटी राहू नकोस.