प्राचीन ग्रीक-रोमन पुतळे म्हणजे केवळ प्रचार होता का?

शिलाभ्यासी:
ग्रीक आणि रोमन पुतळे म्हणजे निरक्षर प्रजेसमोर उभे केलेले सत्तेचे जाहिरातफलक होते, त्यापलीकडे त्यांत काहीही नव्हते, असे काल येथे ठामपणे लिहिले गेले. ते मला मुळीच पटले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीची मोहीम निघण्याच्या तोंडावर अथेन्समध्ये एका रात्रीत दारोदारच्या हर्मीस-स्तंभांचे, म्हणजे हर्मीस देवाचे मस्तक कोरलेल्या दगडी खांबांचे, चेहरे फोडले गेले. हे स्तंभ कोणत्या राजाचा प्रचार करीत होते? अथेन्समध्ये राजाच नव्हता. तरीही मोहिमेला अपशकुन झाला आणि लोकशाही उलथवण्याचा कट शिजतो आहे, असे मानून धरपकड झाली, माणसे देहदंडाला गेली. आणि त्याच संशयाच्या लाटेत, पवित्र धार्मिक गूढविधींच्या विटंबनेचा आरोप असलेल्या अल्किबायडीस या अथेन्सच्या सेनापतीला मोहिमेवरून परत बोलावले गेले, तेव्हा तो वाटेतूनच निसटून स्पार्टाला जाऊन मिळाला. थासोस या ग्रीक बेटावरच्या थिआजेनीस या मल्लाचा पुतळा एका माणसावर कोसळला आणि तो मेला, तेव्हा त्याच्या मुलांनी पुतळ्यावरच खुनाचा खटला भरला आणि पुतळ्याला समुद्रात बुडवण्याची शिक्षा झाली, असे ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो. रोममध्ये तर छळलेला गुलाम सम्राटाच्या पुतळ्याशी आश्रय घेऊ शकत असे, आणि धन्याची क्रूरता असह्य ठरल्यास त्याला तो गुलाम विकावा लागे. जाहिरातफलकाच्या पायाशी कोणी जीव वाचवायला धावत नाही.

रोखठोक:
गुलामाचे रक्षण पुतळा करीत नव्हता, कायदा करीत होता, आणि कायद्यामागे सम्राटाचे सैन्य होते. थासोसची कथा सांगताना आपण हे गाळता की पॉसेनियस त्या मल्लानंतर सहाएकशे वर्षांनी लिहीत होता. सेजानसचे उदाहरण मात्र सोयीस्करपणे विसरले गेले. सम्राट तिबेरियसची मर्जी होती तोवर सेजानस या त्याच्या बलाढ्य अधिकाऱ्याच्या पुतळ्यांना मान होता, इ.स. ३१ मध्ये सेजानस पडला आणि त्याच्या कांस्यमूर्ती वितळवून त्यांची भांडी केली गेली, असे रोमन कवी जुव्हेनलने लिहिले आहे. शक्ती उसनी होती. धनको गेला, पत संपली.

शिलाभ्यासी:
मग मेलेल्या माणसाच्या पुतळ्यावर लोक तुटून का पडत होते? रोमन सम्राट डोमिशियनचा इ.स. ९६ मध्ये खून झाल्यावर उरले ते केवळ धातू आणि दगड. तरीही प्रत्येक घावासरशी जणू रक्त आणि वेदना बाहेर येतील अशा त्वेषाने त्याच्या पुतळ्यांवर कुऱ्हाडी चालवल्या, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. निव्वळ प्रचारसाहित्य असते, तर ते निमूटपणे उतरवून भट्टीत टाकले असते.

रोखठोक:
प्लिनी हे नंतरचा सम्राट ट्रेजन याची स्तुती करण्यासाठी सेनेटमध्ये बोलत होता, आणि त्याला स्वतःला डोमिशियनच्याच काळात पदे मिळाली होती. अशा माणसाच्या त्वेषावर विश्वास ठेवायचा असेल, तर पुराव्याची चर्चा करण्यात अर्थच उरत नाही.

नाणेवेडा:
आपण दोघेही पुतळ्यांतच अडकला आहात. चेहरा घरोघरी पोहोचवला तो नाण्यांनी. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, सगळी नहपान या क्षत्रप राजाची. त्यांवरचा राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरांतील लेख हा थेट ग्रीक नाणेपरंपरेचा वारसा आहे. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली. एका विक्रेत्याने मला असे नाणे ‘छाप बिघडलेले’ म्हणून दाखवले होते, आणि त्याचा मला आजही संताप येतो. ती बिघडलेली छाप नव्हे, तो जिंकलेल्याने हरलेल्याच्या चेहऱ्यावर दिलेला निकाल आहे.

रोखठोक:
तो निकाल नव्हे, चलनव्यवहार आहे. चांदी वितळवून नवी नाणी पाडण्यापेक्षा जुन्यांवरच ठसा मारणे स्वस्त पडते. प्रत्येक ठशात सूड शोधू नका.

नाणेवेडा:
स्वस्त पडते हे मान्य, परंतु चांदीचे मोल ठशावाचूनही तेच राहिले असते. हजारो नाणी एकेक करून हाताखालून घालण्याचे कष्ट घेतले गेले, ते राज्य कोणाचे आहे हे प्रत्येक तळहातावर दिसावे म्हणूनच. आपण एकदा तरी असे नाणे भिंगाखाली पाहिले आहे का? सातवाहन चिन्हांखालून नहपानाचे नाक आणि ओठ अनेकदा स्पष्ट दिसतात. ज्याने नाणे हातात घेतले नाही, त्याने चलनव्यवहार शिकवू नये.

सावली:
स्वर कृपया खाली आणा. नाण्यातून डोकावणाऱ्या त्या चेहऱ्यातच मूळ प्रश्न आहे. बर्लिनच्या संग्रहालयात रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कुटुंबाचे रंगवलेले लाकडी चित्र आहे. त्याचा मुलगा काराकाला याने इ.स. २११ मध्ये भाऊ गेटा याला मारवले आणि चित्रातला त्याचा चेहरा खरवडला गेला. आमच्याकडे वाटणीच्या भांडणानंतर आजोबांनी एका छायाचित्रातून धाकट्या काकांना कातरून काढले होते. परिणाम असा झाला की आम्हा नातवंडांना घरातल्या इतर कोणाहीपेक्षा त्याच काकांविषयी अधिक कुतूहल होते. इ.स. २२ मध्ये जुनिया हिच्या, म्हणजे ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसची बहीण आणि कॅसियसची विधवा हिच्या, अंत्ययात्रेत वीस घराण्यांच्या पूर्वजांच्या प्रतिमा मिरवल्या गेल्या, ब्रूटस आणि कॅसियसच्या मात्र नव्हत्या, आणि नेमके त्यामुळेच ते दोघे सर्वांत अधिक जाणवले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. जी प्रतिमा नसूनही बोलते, तिला जाहिरात कसे म्हणावे?

रोखठोक:
काकांची गोष्ट हृद्य आहे, पुरावा नाही. जुनियाच्या अंत्ययात्रेचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. त्याला रोमन साम्राज्यातल्या अँटिओक शहराची जोड मीच देतो, कारण ती आपल्यापैकी कोणी दिली नाही: इ.स. ३८७ मध्ये करवाढीने चिडलेल्या जमावाने सम्राट थिओडोसियस आणि त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे पाडले, आणि संपूर्ण शहर सम्राटाच्या सूडाच्या भीतीने थरकापत राहिले. तिथल्या वृद्ध बिशप फ्लेव्हियनला, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूला, क्षमा मागण्यासाठी कॉन्स्टँटिनोपल गाठावे लागले. पुतळा पाडणे म्हणजे सम्राटावर हात टाकणे, असे दोन्ही बाजूंनी मानले होते, एवढे मी मान्य करतो. थासोसचा खटला मात्र मी आजही पुरावा म्हणून स्वीकारणार नाही.