सिव्हिल पार्टनरशिपचं आता लग्न करून घ्यावं का?

लेस्टरकर: आम्ही समलिंगी जोडपं. मी आणि माझा जोडीदार 2009 पासून सिव्हिल पार्टनरशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडातल्या लग्नासारख्या नोंदणीकृत नात्यात, आहोत. साताऱ्याहून आई आलीये. रोज विचारते, "अरे, पण लग्न कधी?" कायद्याने खरंच काही फरक पडतो का? पुण्यात माझ्या नावावर फ्लॅटही आहे.

थेम्सकाठची मावशी: इंग्लंडात फारच थोडा. वारसा कर, घर, पेन्शन जवळपास सारखंच. लग्न शब्द उच्चारून लागतं, पार्टनरशिप सहीने होते. मोडलं तर लग्नाचा घटस्फोट आणि पार्टनरशिपचं म्हणे विसर्जन, गणपतीसारखं! आम्ही 2015 मध्ये रूपांतर केलं. सही केली, झालं, चहासुद्धा नाही. पण लग्न धरलं गेलं ते 2006 पासून, म्हणजे पार्टनरशिपच्या मूळ तारखेपासून.

वकीलबुवा, कोथरूड: भारतात दोन्ही कागद सारखेच निरुपयोगी. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. फ्लॅटसाठी मृत्युपत्र कराच, नाहीतर जोडीदाराला वारस म्हणून काही मिळायचं नाही.

लेस्टरकर: मृत्युपत्र आधी, मग सही. आई मात्र आत्ताच मुंडावळ्या कुठे मिळतील विचारतेय.