‘दुकान वाढवले’ : विस्तारले की बंद केले?

शब्दवेल्हाळ : एका कथेच्या इंग्रजी अनुवादात अडले आहे. ‘अण्णांनी दुकान वाढवले आणि ते घरी निघाले’ याचा अर्थ मी ‘बंद केले’ असा घेतला, तर संपादकांनी ‘विस्तार केला’ अशी दुरुस्ती सुचवली. पुढे नातू म्हणतो, ‘अण्णा, आता दुकान वाढवू या’. त्याला शेजारचा गाळा घ्यायचा आहे, पण अण्णा उठून फळ्या लावू लागतात. हा घोटाळा इंग्रजीत कसा आणावा?

माजघर : संपादक मराठीच आहेत ना? बंद होणे, विझणे, फुटणे हे अशुभ शब्द टाळायला दुकान, दिवा, नारळ, बांगडी ही सारी ‘वाढतात’. नवरा गेल्यावर बांगड्या फोडत, म्हणून सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली तरी आमची आजी ती ‘वाढली’ असेच म्हणे, आणि चुकून ‘फुटली’ म्हणणाऱ्या सुनेला त्याबद्दल ऐकून घ्यावे लागे.

धातुपाठी : सगळीकडे अशुभाची भीती शोधू नये. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘वर्ध छेदनपूरणयोः’ (कापणे आणि भरणे या अर्थांचा ‘वर्ध’) असा स्वतंत्र धातू आहे. मनुस्मृतीतील ‘नाभिवर्धन’ म्हणजे नाळ कापणे, आणि सुतार तो वर्धकी. नारळ वाढवणे हे सरळ छेदनच आहे.

माजघर : मग दिव्याचे छेदन कोण करते? शिवाय तुमच्याच सूत्रात ‘पूरण’ही आहे, म्हणजे कापणे की भरणे, हे तिथेही प्रसंगावरूनच ठरवावे लागणार.

खोबरेल : स्वयंपाकघरात चटणीसाठी नारळ फोडतात, देवापुढे तोच वाढवतात. फळ तेच, कृती तीच. क्रियापद मात्र जागा पाहून बदलते. त्यामुळे वर्तमानपत्रांतील ‘प्रचाराचा नारळ फोडला’ मला चुकीचे वाटत नाही, कारण तिथे देवापेक्षा ध्वनिक्षेपक जवळ असतो.

माजघर : तरीही तो शुभारंभ आहे, आणि शुभारंभाला ‘फोडला’ लिहिणे हा निव्वळ आळस आहे.

धातुपाठी : संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त वक्ता, श्रोता, प्रसंग, स्थळ, काळ यांनी व्यंग्यार्थ (सुचणारा अर्थ) बदलतो असे सांगितले आहे. ‘सूर्य मावळला’ हे ऐकून कोणी संध्येला बसतो, कोणी गुरे परत आणतो. अण्णांचे तसेच झाले.

शब्दवेल्हाळ : मान्य, पण मम्मटाचा सूर्य दोघांसाठीही मावळतोच, इथे अण्णा आणि नातू यांच्यासाठी वाच्यार्थच, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थच, वेगळा आहे. आणि इंग्रजीचे काय करू?

धातुपाठी : दिव्याबाबत सांगायचे राहिले. तो प्रयोग नारळाच्या अनुकरणाने नंतर आला असावा.