पायटेस्टच्या टेस्ट फाइली दोन फोल्डरात विभागायच्यात, काय जपावं?

बॅकएंडवाला_९:
नमस्कार मंडळी, आमच्या पायथन प्रोजेक्टमध्ये पायटेस्टने (टेस्ट चालवणारं टूल) चालणाऱ्या सगळ्या टेस्ट एकाच फोल्डरात कोंबल्यात, डेटाबेस लागणाऱ्या, न लागणाऱ्या, सगळ्या एकत्र, त्यामुळे एवढासा बदल तपासायचा तरी डेटाबेससाठी डॉकर चालू करून बसावं लागतं. म्हणून युनिट (डेटाबेस न लागणाऱ्या) आणि इंटिग्रेशन (लागणाऱ्या) असे दोन फोल्डर करायला घेतले, तर दोन्हीकडे टेस्ट_युजर्स नावाची फाइल झाली आणि पायटेस्ट 'इम्पोर्ट फाइल मिसमॅच' म्हणून अडून बसलं. शिवाय टीममधला एकजण म्हणतो फाइली हलवल्या की गिटची हिस्टरी (फाइलीत कधी काय बदललं त्याची नोंद) जाते. खरंय का?

मुक्तस्रोत:
एररचं कारण सोपं आहे. फोल्डरात इनिट फाइल (__init__.py, फोल्डरला पायथन पॅकेज बनवणारी) नसेल तर पायटेस्ट नुसत्या फाइलच्या नावाने मॉड्यूल इम्पोर्ट करतं, मग दोन टेस्ट_युजर्स भिडणारच. टेस्ट्स, युनिट, इंटिग्रेशन, तिन्हीकडे रिकामी इनिट फाइल टाक. पायटेस्ट ६ पासून इम्पोर्टलिब मोडपण आहे, पण त्यात सिस पाथ (पायथन मॉड्यूल जिथे शोधतं त्या फोल्डरांची यादी) बदलत नाही, म्हणजे टेस्टमधून शेजारची हेल्पर फाइल इम्पोर्ट करत असाल तर ते तुटेल. चालू प्रोजेक्टला मी इनिटच घेईन.

देवगिरी_डेव्ह:
हिस्टरी जात नाही. गिट मुळात रिनेम साठवतच नाही, जुनी-नवी फाइल किती सारखी आहे ते बघून ओळखतं, डीफॉल्ट ५० टक्के, आणि लॉगला फॉलो लावलं की मागचं सगळं दिसतं. म्हणून हलवताना दुसरं काहीही करू नकोस, फॉर्मॅटर नाही, इम्पोर्टची साफसफाई नाही. आणि वेगळा कमिट पुरत नाही बरं का, पीआर (पुल रिक्वेस्ट) मर्ज करताना स्क्वॉश होत असेल, म्हणजे सगळे कमिट मिळून एकच होत असेल, तर दोन्ही कमिट परत एक होतात, वेगळा पीआरच कर.

शून्य_इंडेक्स:
मला खरी भीती वाटते ती गुपचूप न चालणाऱ्या टेस्टची. एरर आली तर दिसते तरी, पण टेस्ट कलेक्टच झाली नाही, म्हणजे पायटेस्टला सापडलीच नाही, तर सीआय (बदल आला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) हिरवंच राहतं! हलवायच्या आधी आणि नंतर कलेक्ट-ओन्ली चालवून (त्यात टेस्ट चालत नाहीत, नुसती यादी मिळते) याद्या ताडून बघ, पाथ बदलणार म्हणून नुसती फंक्शनची नावं. सीआयमध्ये पाथ देऊन वगळलेल्या टेस्ट असतील तर त्या ओळीपण बदलाव्या लागतील. कॉन्फटेस्ट फाइल (टेस्टची सामायिक तयारी, म्हणजे फिक्स्चर, जिथे लिहितात ती) फक्त स्वतःच्या फोल्डरात आणि त्याखाली लागू होते, तर दोन्ही फोल्डरांना लागणारी फिक्स्चर वरच ठेव.

बॅकएंडवाला_९:
खूप आभार सगळ्यांचे. सीआयमध्ये दोन फोल्डरचे दोन जॉब करणार होतो, पण जुन्या ब्रँचवरून कुणी नवी टेस्ट थेट वरच्या फोल्डरात टाकली तर ती कुठल्याच जॉबमध्ये येणार नाही ना?

शून्य_इंडेक्स:
नाही येणार. युनिटच्या जॉबला युनिट फोल्डर देऊ नकोस, पूर्ण टेस्ट्स फोल्डर दे आणि इग्नोरमध्ये इंटिग्रेशन टाक, म्हणजे भलत्या जागी आलेली फाइल निदान तिथे तरी चालेल, आणि तिला डेटाबेस लागत असेल तर तिथेच फेल होऊन कळेल.